पातळ पेज

माझी जीभ चालत होती तोवर माझा हात कधी चालला नाही, हे मी गावात छाती फुगवून सांगायचो. खरंच होतं ते. पण त्यात फुगण्यासारखं काय होतं? ज्याच्या हातात कुऱ्हाड आहे तो काठी कशाला शोधेल? माझ्या एका बोलण्यावर चुलतभाऊ अकरा वर्षं माझ्या दारात आला नाही. धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, पाणी फोडल्याच्या भांडणात मी शेजाऱ्याच्या मेलेल्या बापाबद्दल असं काही बोललो की तो पन्नाशीचा माणूस बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, मटकन बसून रडला, आणि मी खर्रा तोंडात टाकून घरी आलो. भाजीत मीठ कमी पडलं की मी ताटावर बसल्या बसल्या बायकोच्या माहेरच्या तीन पिढ्या काढायचो. ती मान खाली घालून वाढत राहायची. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला धार होती, आणि ती मी रोज लावत होतो.

याच जिभेवर माझी बैलजोडी चालायची. आमचं गाव आंधळगावजवळ, सगळा धानाचा भाग. आता चिखल करायला बांध्यांमध्ये ट्रॅक्टर फिरतात, बैल ठेवणाऱ्याला लोक हसतात. हसू दे. मी ठेवले. एक तांबडा, एक पांढरा. शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत, मी ही जोडी हाकली आहे. बाकीचे धुरकरी तुतारी घेऊन बसायचे. तुतारी म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. मी रिकाम्या हातानं बसायचो. जीभ टाळूला घट्ट दाबायची आणि झटक्यात सोडायची, टक्क! एवढ्या आवाजावर तांबडा कान टवकारून सुटायचा. माझ्या बैलाच्या अंगावर खिळ्याची एक खूण दाखवा आणि जोडी घेऊन जा, असं मी भर पटात ओरडून सांगायचो.

आणि त्याच जिभेवर मी दिवसाला पंधरा खर्रे ठेवत होतो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटायचा आणि गालात धरायचा. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याआधी खर्रा विचारतात. जिभेच्या डाव्या कडेला चट्टा आला, तिखट लागलं की आग व्हायची. बायको म्हणाली, "दाखवून या जी एक डाव." मी म्हणालो, "तुह्या बापानं दवाखाना खोलला का?" चट्ट्याची गाठ झाली, कानात ठणका मारायला लागला, गाल सुजला, तेव्हा कुठं गेलो. तिथून नागपूर. तिथं तोंडातला तुकडा काढून तपासला आणि डॉक्टरनं मला न सांगता माझ्या बायकोला बाजूला बोलावलं. मी तिच्या पाठीकडे पाहत होतो. तिची पाठ हलली नाही. ती परत आली आणि म्हणाली, "कापा लागते म्हणतेत."

थंडीत ऑपरेशन झालं. जिभेचा डावा अर्धा भाग कापला, मानेतल्या गाठी काढल्या, आणि जिभेला ठिगळ लावायला डाव्या हाताच्या मनगटावरचं मांस काढलं. डावाच का, तर उजव्या हाताची माणसाला गरज पडते म्हणे. पडली.

मग शेक. रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात. त्याआधी दाढा उपटल्या, एकाच दिवशी पाच. मग चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घालायचे आणि तो टेबलाला खटाखट आवळून टाकायचे. हलता येत नाही, ओरडता येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण ज्यानं केली त्याला मी त्या टेबलावर झोपवला असता. तिसऱ्या आठवड्यात तोंडाचं आतलं कातडं सोलवटलं. थुंकी आटली. जी उरली ती डिंकासारखी, बोटानं ओढून काढावी लागायची. मान करपली, सदऱ्याची कॉलर चिकटायची आणि कातडं घेऊन सुटायची. बायको ओल्या कापडानं टिपायची तेव्हा मी तिला लाथ मारायला पाय उचलायचो. ती पायाच्या पलीकडून येऊन टिपायची.

नाकातून नळी पोटापर्यंत घातली होती. मोठ्या सिरिंजनं बायको त्यातून दूध, गाळलेलं वरण, औषधं सोडायची. गाडीत तेल टाकतात तसं माझं जेवण. पोट भरायचं आणि तोंड उपाशी. शेजारच्या खाटेवरच्या डब्यातून जवसाच्या चटणीचा वास आला की मी उशी फाडायला उठायचो.

होळीला घरी आलो तेव्हा मला वाटलं, सुटलो. कशाचा सुटलो! उरलेली अर्धी जीभ तोंडात लोळागोळा होऊन पडलेली. क नाही, ग नाही, ट नाही, ड नाही. मी एका माणसाला चांगली सणसणीत शिवी घातली, तर तो हसून म्हणाला, "हो भाऊ, बरं वाटन आता, बरं वाटन." मी पुन्हा घातली. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कुणाचा तरी गळा धरावासा वाटला. म्हणजे खरोखरचा, हातानं.

बोलण्याचं एक वेळ चालून गेलं असतं, बायकोनं लहान पाटी आणि खडू आणून दिला होता. पण गिळणं? नागपूरच्या त्या दवाखान्यात एक तरुण बाई होती, तिचं कामच लोकांना गिळायला शिकवणं. मला आधी थट्टाच वाटली. गिळायला काय शिकायचं? वासरू जन्मल्या जन्मल्या गिळतं. तिनं मला यंत्रासमोर बसवलं, चमच्यानं एक पांढरं औषध दिलं आणि पडद्यावर दाखवलं. मी स्वतःचा गळा पाहत होतो. ते पांढरं पाणी जिभेवरून घसरलं, जिभेनं त्याला धरलंच नाही, आणि गिळायच्या आधीच त्याची एक बारीक धार श्वासाच्या नळीत उतरली.

"काका, खोकला आला का?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. नाही.

"तेच तर धोक्याचं आहे. तुमच्या गळ्याला कळतच नाही की चुकीच्या वाटेनं गेलं. आता हे बघा." मग तिनं तेच औषध घट्ट करून दिलं, दह्यासारखं. ते जिभेवर बसलं, हळूहळू मागं सरकलं, थोडं अडकलं, पण बरोबर वाटेनं खाली गेलं. "घट्ट असेल तर जिभेला वेळ मिळतो. पातळ पळतं. पाणी, चहा, पातळ पेज, काही म्हणजे काही नाही. चमचा तिरपा केला तर घास सावकाश पडला पाहिजे. हनुवटी छातीला, श्वास धरा, जोर लावून गिळा, खाकरा, पुन्हा गिळा."

माझ्याकडे पाहून ती हे बोलली, पण शिकली माझी बायको. सातवी शिकलेली बाई, ओठ हलवत सगळं पाठ करत होती.

जिभेला जोर यावा म्हणून व्यायाम दिला. जीभ वर उचलायची, टाळूला लावायची, दाबायची, सोडायची. उचलली जीभ, लावली टाळ्याला, असं लोक बिनडोक बोलणाऱ्याला म्हणतात. लावून दाखवा म्हणावं एकदा! घाम फुटायचा मला. मी तिला पाटीवर लिहून दाखवलं की मी याच जिभेनं बैल हाकत होतो. ती खूश झाली. "मग तोच व्यायाम, काका. टक्क करायचं. दिवसातून शंभर वेळा." मी केलं. फुस्स झालं. ती म्हणाली, होईल. आणि मग मोठे डॉक्टर आले आणि त्यांनी सरळ सांगितलं, दिवाळीपर्यंत तोंडानं पोटभर खायला लागला तर ठीक, नाहीतर नाकातली नळी काढून पोटाला भोक पाडायचं आणि तिथं कायमची नळी बसवायची. मी पाटीवर लिहिलं, मी खाईन. खडू मोडला, इतका दाबून लिहिलं.

पावसाळ्यात चिखलाचे दिवस आले. ट्रॅक्टरवाल्याला बायकोनं सांगितलं होतं, पण मी ऐकणार थोडाच. नाकात नळी, ती कानामागं चिकटपट्टीनं लावलेली, आणि मी जोडी घेऊन बांधीत उतरलो. जीभ टाळूला लावली, सोडली. फुस्स. तांबड्यानं मागं वळून पाहिलं. पुन्हा फुस्स. तो उभाच. मी ओरडलो तर तोंडातून बोबडं काहीतरी निघालं आणि पांढरा बुजला. पलीकडच्या बांधीत रोवणीच्या बायका होत्या, त्यांतली एक हसली. मला हसली की आपसात, देव जाणे. मी धुऱ्यावर गेलो, कुणाची तरी तुतारी पडली होती ती उचलली आणि तांबड्याच्या पुठ्ठ्यात खुपसली. एकदा नाही. किती वेळा ते मला आठवत नाही. तो चिखलात गुडघ्यावर बसला तरी मी खुपसत होतो. रक्त पाण्यात उतरलं.

बायको धावत आली. तिनं तुतारी दोन्ही हातांनी धरली.

"कायले मारून राहिले त्याले? त्यानं तुमची जीभ कापली का?"

मी हात उगारला. ती तशीच उभी राहिली, चिखलात, तुतारी धरून. हात खाली आला, पण मारून नाही, थकून. त्या दिवशी ती बैल सोडून घरी घेऊन गेली आणि जखमेत हळद भरली. मी धुऱ्यावर बसून राहिलो. ज्यानं खिळ्याची खूण दाखवा म्हणून पैजा मारल्या तोच तो मी. लाज वाटली का? वाटली. पण मला लाज वाटली की राग येतो, हा माझा जुना रोग, कॅन्सरच्याही आधीचा.

घरी बायको रोज चार वेळा चमच्यानं घट्ट पेज द्यायची. तांदूळ भरडून शिजवायची, घोटायची आणि प्रत्येक घासाआधी चमचा माझ्या डोळ्यांसमोर तिरपा करून दाखवायची, कसं सावकाश पडतं ते. "हनुवटी खाली. गिळा. खाकरा. अजून गिळा." बैलाला हाकावं तसं मला हाकत होती. एक वाटी संपायला तास लागायचा. अर्धी पेज गालात अडकायची, बोटानं काढावी लागायची. गळ्यात आडवं काहीतरी बसलंय असं वाटायचं. आणि मला मनातून पक्कं वाटायला लागलं होतं की ही घट्ट पेजच मला गिळू देत नाही.

वाटणारच. आमच्याकडे आजारी माणसाला पातळच देतात. ताप आला, पेज पातळ करा. बाळंतीण अशक्त आहे, अजून पातळ करा. म्हातारं शेवटच्या घटकेला लागलं की पेजेचं नुसतं पाणी, वर मीठ. जितका जीव नाजूक तितकी पेज पातळ, हे आम्हाला कुणी शिकवत नाही, दुधाबरोबरच येतं.

पोळा आला. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. पळसाच्या पानानं हळद-लोणी लावायचं आणि घरधन्यानं बैलांना जेवायला बोलवायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. माझ्या बापानं म्हटलं, त्याच्या बापानं म्हटलं. मी तांबड्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंड उघडलं. जे निघालं त्याला काही अर्थ नव्हता. तांबडा अंग चोरून मागं सरला. त्याच्या पुठ्ठ्यावर अजून खपल्या होत्या. शेवटी मागून बायको म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आणि तांबड्यानं तिच्या हातून पान चाटलं.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली अख्ख्या गावानं त्या खपल्या पाहिल्या. बैल घरी आले, त्यांना पुरणपोळी दिली, त्यांनी खाल्ली. मी नाकातल्या नळीसकट भिंतीला टेकून त्यांची तोंडं हलताना पाहत होतो. माझी थोरली बहीण सिहोऱ्याहून आली होती. तिनं लहानपणी मला कडेवर वाढवलेलं, तिचा माझ्यावर फार जीव. तेवढ्यात बायको घट्ट पेजेची वाटी घेऊन आली. बहिणीनं वाटीत पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"हे काय वं? इतकं गच्च? दुखण्यातल्या माणसाले असं देतेत का? चमचा उभा राहून राहिला त्याच्यात! पातळ कर, पाण्यावाणी. घटघटा पिऊन टाकन तो. जीव घेतं का माह्या भावाचा?"

"बाई, डॉक्टरीणबाईनं सांगितलं हाये..."

"डॉक्टरीणबाईले आपलं काय मालूम!"

माझ्या डोक्यात जाळ झाला. हीच ती. हिच्यामुळे माझा गळा उघडत नाही. हीच बैलांना आवतन देते, हीच मला हाकते. मी उठलो आणि वाटीवर हात मारला. वाटी भिंतीवर गेली. आणि मग तो हात, तो उजवा, माझ्या बायकोच्या तोंडावर बसला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. बहीण "अगं माय" म्हणून किंचाळली. मी दुसऱ्यांदा मारलं. ओठ फुटला. मी तिसऱ्यांदाही मारलं असतं, पण बहीण मधे पडली.

बायको उठली. ओठाचं रक्त पदराला पुसलं. पाटी उचलून माझ्या हातात दिली. मी लिहिलं, पातळ.

ती चुलीकडे गेली. आम्ही दोघं भावंडं बसून होतो, तिकडून भांड्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात मोठा पेला होता. पेजेचं पाणी, वर मिठाचे खडे. तिनं तो माझ्यापुढे धरला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी इतकी वर्षं ते डोळे पाहिले, तसे कधी पाहिले नव्हते.

"घ्या. पातळच पायजे ना तुमाले? घ्या."

मी प्यालो. घटघटा प्यालो. आणि काय सांगू, गेलं की! अडकलं नाही, खोकला नाही, काही नाही. नऊ महिन्यांनी तोंडातून काहीतरी सरळ पोटात गेल्यासारखं वाटलं. बहिणीनं माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. मी अजून एक पेला मागितला. बायकोनं दिला. मी तोही संपवला, तिच्या डोळ्यांत डोळे घालून. मग कानामागची चिकटपट्टी ओढली आणि नाकातली नळी उपटली, हातभर लांब नळी, सरसर. नाकातून रक्ताची धार लागली. मी ती नळी तिच्या पायाशी फेकली. जिंकलो होतो ना मी!

ती तिथंच उभी राहून पाहत होती. थांब म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी थंडी वाजून ताप भरला. संध्याकाळपर्यंत छातीत उकळत्या भांड्यासारखा आवाज यायला लागला. श्वास घेतला की बरगडीत सुरी. बायकोनंच गाडी बोलावली, बायकोनंच मला पाठीमागून धरून नागपूरपर्यंत बसवून ठेवलं. तिच्या फुटक्या ओठाला खपली धरली होती.

फुफ्फुसात पू झाला होता. आठ दिवस तोंडावर ऑक्सिजन, हाताला सुया, घशात नळी घालून ओढून काढलेला घाण कफ. मरता मरता राहिलो. नवव्या दिवशी मी खाटेवर टेकून बसलो होतो तेव्हा ती गिळायला शिकवणारी बाई आली.

"पातळ काही दिलं होतं का?"

"हो," माझी बायको म्हणाली. "मी देलं."

मग त्या पोरीनं तिला जे झापलं! भर वॉर्डात, सहा खाटा आणि त्यांचे सगळे नातेवाईक ऐकत होते. एवढं समजावलं होतं, शिकलेल्या आहात ना, नवऱ्याला मारायचं होतं का. माझी बायको मान खाली घालून उभी. जशी माझ्यासमोर उभी राहायची तशीच. त्या पोरीची चूक नव्हती, तिला काय ठाऊक.

पाटी माझ्या मांडीवर होती. खडूही होता. मी पातळ मागितलं, मी मारलं, दोन ओळी लिहायच्या होत्या. मी खडू हातात घेतला आणि बोटांत फिरवत राहिलो. ती पोरगी बोलून गेली. मी काही लिहिलं नाही. त्या मारापेक्षा मला आज याची जास्त शरम वाटते. मारलं तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं असं तरी म्हणता येईल. तेव्हा होतं.

घरी आलो, नाकात पुन्हा नळी. दिवाळीला महिना उरला होता. आणि आता नवीनच भानगड झाली. दवाखान्यात त्या बाईच्या हातून मी घट्ट घास गिळत होतो. जीभही जरा उचलायला लागली होती. पण घरी बायकोनं चमचा तोंडाशी आणला की माझे दात आपोआप आवळायचे. ती चमचा तिरपा करून दाखवायची. घट्ट आहे, दिसतंय मला. तरी दात उघडत नव्हते. कारण त्या दिवशीचे तिचे डोळे मला आठवायचे. ओठ हलवत पाठ करणारी ती. पातळ पळतं, फुफ्फुसात जातं, हे तिच्याइतकं घरात कुणाला माहीत होतं? आणि तिनं दुसरा पेलाही भरून दिला. घास न घेतलेली वाटी तशीच उचलून न्यायची आणि सिरिंज घेऊन यायची. सरावाशिवाय गळा सुटणार नव्हता, आणि माझ्या पोटाला भोक पडायचं तेवढं बाकी होतं.

गोठ्यात बसून मी टक्क करत राहायचो. करायला दुसरं होतं काय? एका सकाळी झालं. बारीकसं, पण टक्क! तांबड्यानं कान टवकारले. मी आनंदानं हात पुढे केला तर त्याच्या पुठ्ठ्यावरचं कातडं थरथरलं आणि तो दाव्याच्या टोकापर्यंत मागं सरला. आवाज ओळखला त्यानं. पण हातही ओळखला.

मी तसाच घरात गेलो. हलका, लवकर येणारा धान आदल्या आठवड्यात कापून झाला होता, बायकोनं नव्या तांदळाची पेज केली होती. अख्ख्या घरात तो वास. ती वाटी घेऊन समोर बसली. मी पाटी घेतली. अक्षरं वाकडी आली, पण लिहिलं, मी मारलं. मी पातळ मागितलं. दवाखान्यात लिहिलं नाही.

तिनं वाचलं. मग पदरानं पाटी पुसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मले मालूम होतं जी."

मला वाटलं, मी मारलं ते मालूम होतं म्हणतेय. तिला कसं मालूम नसणार?

"पातळानं काय होते, मले मालूम होतं. थे डोळ्यानं पाह्यलं होतं पडद्यावर. तरी देलं. दुसरा पेलाही देलाच." तिचा आवाज चिरकला. "मनात आलं, जाऊ दे मेला. खरंच आलं. रात भर बसून होती मंग, तुमची छाती आयकत." तिनं चमचा भरला. "आता सांगा. खाता का माह्या हातचं?"

ती चमचा तिरपा करून दाखवायला लागली. मला ते नको होतं. तिचा हात धरावा, न बघता घास ओढून घ्यावा, असं मनात आलं आणि मी उजवा हात उचलला.

तिनं मान फिरवली. डोळे घट्ट मिटले, खांदा गालापर्यंत आला. चमचा मात्र तिनं सोडला नाही.

माझा हात हवेत तसाच राहिला. मग मी तो खाली घेतला. दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांवर बसलो आणि तोंड उघडलं. तिनं हळूच डोळे उघडले, पाहिलं आणि घास दिला. नव्या तांदळाची चव अर्ध्या जिभेला अर्धीच कळली. हनुवटी छातीला लावली, श्वास धरला, जोर लावला.

"खाकरा," ती म्हणाली. "अजून गिळा."

नळी दिवाळीनंतर निघाली. पोटाला भोक पाडावं लागलं नाही. आता भात खातो, मऊ, घट्ट वरणात कालवून. पाणी अजून एकेक घोट. पण ती ताट ठेवायला वाकली की माझे दोन्ही हात आपोआप मांडीखाली जातात, आणि ती ताट ठेवून मागं सरेपर्यंत मी ते बाहेर काढत नाही.